भवानीचा हात

बाजाराच्या दिवशी दोरीच्या दुकानाचं शटर अर्धं वर जायचा अवकाश, की लोखंडवाला समोर हजर. एका हातात स्वतःच्या दुकानाच्या किल्ल्या, दुसरा हात पुढे पसरलेला, औषधाचा डोस घ्यायला आल्यासारखा.

“वहिनी, सुतळीचा एक गुंडा. आणि तुमच्याच हातानं हां. म्हातारबुवांच्या हातचा नको.”

“गुंडाळलाय मीच तो,” आतून सासरे ओरडायचे.

“तुम्ही गुंडाळा हो खुशाल. सुतळी गुंडाळा, नाहीतर माणसं गुंडाळा. द्यायला मात्र वहिनीच पाहिजेत.”

गल्लीत हशा पिकायचा. सून गुंडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवायची आणि नजर खाली वळवायची. लोकांना वाटे, बिचारी लाजते. तिच्या मनात काय चाललंय ते एका सासऱ्यांना ठाऊक होतं, आणि ते त्या वेळी नेमके कुठल्यातरी गाठीत तोंड खुपसून बसलेले असायचे.

हे गाव आठवडाभर पेंगायचं आणि बाजाराच्या दिवशी खडबडून जागं व्हायचं. आजूबाजूच्या वस्त्यांवरून पोती यायची, जनावरं यायची, टेम्पो एकमेकांच्या अंगावर चढायचे. पोती बांधायची तर दोर, जनावर धरायचं तर दोर, ताडपत्री ताणायची तरी दोरच. आणि बाजारभर दोरीचं दुकान हे एवढं एकच.

दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, तशी इथेही म्हणत. पण इथे तिचं प्रस्थ जरा जास्तच. पहिला व्यवहार कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, यावर विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही दिवस ठरतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. भवानी एकदा चांगल्या हाताची झाली, की मग दिवसभर कोणीही या, काहीही न्या.

मग वाईट हात कोणाचा? जिचा नवरा नाही तिचा. हे अर्थात कोणी मोठ्यानं बोलत नसे. बाजार सभ्य होता. विधवा हा शब्दही कोणी उच्चारत नसे, ‘थांबणाऱ्या’ म्हणत. सकाळी सामानाला आलेल्या या बाया पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकून, पिशव्या पोटाशी धरून उभ्या राहायच्या. ज्या दुकानात जायचं तिथे दुसरं कोणी आधी काही घेतंय का, ते बघत. कडेवर पोर किरकिरत असलं तरी उभ्या. “जरा थांबा हं मावशी, भवानी व्हायचीय अजून,” दुकानदार म्हणे, तेही हसून. हाकलत कोणी नसे. हाकलायची गरजच काय? त्या आपणहून थांबत.

लोखंडवाल्याची आईसुद्धा थांबणाऱ्यांतलीच. नवऱ्यामागे खिळ्यांची पोती पाठीवर वाहून जिनं ते दुकान उभं केलं, ती सकाळी पत्र्यांच्या थप्पीआड स्टुलावर बसून असे. मुलानं “आई, झाली गं!” अशी हाक मारली, की मग पुढे यायची मोकळीक.

अशा बाजारात दोरीवाल्या वहिनींचा हात म्हणजे सोनं, असं नाव झालं होतं. एकदा लोखंडवाल्यानं सकाळी सहज तिच्याकडून सुतळी घेतली आणि त्याच दिवशी त्याच्याकडचं पडून राहिलेलं सगळं तारेचं जाळं उठलं. झालं! मग चहावाला, मग टेम्पोवाले, सगळेच तिच्यापुढे हात पसरू लागले.

आणि दोरीवाल्या वहिनीचा नवरा वारून वर्ष होत आलं होतं.

सासऱ्यांनी खोटं बोलायचं म्हणून काही ठरवलं नव्हतं. ते इथे आले तेव्हा टेम्पोत दोर वळायचं चाक होतं, काथ्याचे भारे होते, एक पलंग होता आणि गाद्यांच्या ढिगावर नात झोपली होती. सामान उतरवताना समोरचा चहावाला आपणहून चहा घेऊन आला. भला माणूस. सगळ्यांकडे बघून त्यानं विचारलं, “सून आली, नात आली. आणि मुलगा कुठाय?”

“मुलगा गेला,” सासरे म्हणाले. पुढचं काही न बोलता ते काथ्याचा भारा ओढू लागले.

“गेला? कुठे, बाहेरगावी?”

आपल्या भाषेतला हा शब्दच दुतोंडी. दुकानात गेला तरी गेला, आणि जगातून गेला तरी गेलाच. सासऱ्यांनी एक नजर सुनेकडे टाकली. ती चाकाचा जड खांब एकटीच उतरवत होती. त्यांना जुनं गाव आठवलं. तिथे प्रवासाला निघालेला माणूस तिला बघून दारातून परत फिरायचा, चपला काढायचा, घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघायचा. शेजारीण तान्ह्या बाळाच्या तोंडावरून पदर ओढून घ्यायची. काल-परवापर्यंत तेच बाळ सुनेच्या मांडीवर खेळत होतं.

“हं,” सासरे म्हणाले.

“कामाला असेल. बरंय की! बाहेर पैसा बरा मिळतो.”

सामान लागायच्या आत बातमी बाजारभर झाली. सुनेला ती दुसऱ्या दिवशी कळली, चहावाल्यानं “साहेबांचा फोन झाला का वहिनी?” असं विचारलं तेव्हा. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते पाठ फिरवून चाक फिरवत होते, नको तितक्या जोरात. ती गप्प राहिली. खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. त्याच सकाळी एका माणसानं तिच्या हातातून दोर घेतला होता, बोटाला बोट लागलं होतं, आणि त्यानं हात मागे घेतला नव्हता. इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदा झालं होतं. गळ्यातली काळी पोत तिनं काढली नव्हतीच. ती कोणासाठी काढायची, हे तिला कधी समजलं नव्हतं.

मोठ्यांचं असं निभावलं. पोरीचं काय?

मुलीला आजोबा खारूताई म्हणायचे, कारण गालात कायम काहीतरी कोंबलेलं असायचं. पाच वर्षांची. वडील वारले तेव्हा आई तिला जवळ घेऊन म्हणाली होती, “पप्पा गेले.” तिनं विचारलं होतं, कुठे. आई म्हणाली होती, लांब. मग पोर रडली, रोज विचारू लागली, मग एक दिवसाआड, मग थांबली. लहान मुलांची जखम अशीच आतून, हळूहळू भरते. तिला नुसतं उघडं वारं लागू द्यायचं असतं.

इथे आल्यावर एके दिवशी ती धावत आली. “आई, तुला माहीतच नव्हतं! पप्पा बाहेरगावी गेलेत. चहावाल्या काकांना माहितीये!”

त्या दिवसापासून दुपारच्या बसची वेळ झाली, की खारूताई चहावाल्याच्या बाकावर चढून बसायची. तिथून थांबा दिसायचा. बस यायची, माणसं उतरायची, बस जायची. चहावाला तिच्या हातात बिस्किट ठेवायचा. “आज नाही आले वाटतं. उद्या बघू हं.” बिचाऱ्याला वाटायचं, आपण पोरीची समजूत काढतोय. ड्रायव्हर-कंडक्टरही तिला ओळखू लागले. “काय म्याडम, आजही पप्पांचं तिकीट नाही बघा,” असं म्हणून ते हसायचे, आणि तीही हसायची. आई दुकानातून हे बघायची आणि हातातला दोराचा पेड पुन्हा पुन्हा घट्ट करायची. आज सांगू, उद्या सांगू. बाजाराच्या दिवशी मात्र लोखंडवाल्याचा हात पुढे यायचाच.

बाजाराच्या आदल्या दिवशी तिला हुकांचा डबा हवा होता. फळीवरून डबा काढला तर हातभर मुंग्यांची रांग. रांग दुसऱ्याच एका डब्यात जात होती. झाकण उघडलं. आत अर्धी बिस्किटं. एकाच बाजूनं खाल्लेली, दुसरी बाजू नीट, कडेसकट. अर्धी चोखलेली गोळी तिच्याच कागदात परत गुंडाळून ठेवलेली. सगळ्यावर मुंग्या.

“हात नको लावू!” खारूताई मागून ओरडली. “पप्पांचं आहे ते. तुझं नाही!”

आई खाली फरशीवर बसली. तिनं पोरीला ओढून मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला. ती येईना.

“राणी, इकडे बघ. पप्पा बाहेरगावी नाहीत. पप्पा वारले.”

“म्हणजे?”

“म्हणजे मेले. ते येणार नाहीत. तू कितीही डबे भरलेस तरी नाही येणार.”

“खोटं. तू खोटं बोलतेस. आजोबा म्हणतात बाहेरगावी. काका म्हणतात बाहेरगावी. सगळा बाजार म्हणतो. तू एकटीच म्हणतेस.”

तिनं डब्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. मुंग्या तिच्या मनगटांवर चढू लागल्या, चावूही लागल्या असतील. ती हलली नाही. आई एकेक मुंगी बोटानं टिपत राहिली आणि पोर तिच्याकडे परक्यासारखी बघत राहिली.

त्याच दुपारी मागच्या लांब अंगणात दोर वळायचं काम निघालं. सासरे चाकावर होते. सून पेडांची टोकं धरून, ताण देत, पावलापावलानं मागे सरकत होती. दोघांमध्ये अख्खा दोर होता, त्यामुळे बोलायचं तर आवाज चढवूनच.

“मामंजी, उद्या बाजारात मी खरं सांगणारे.”

चाक थांबलं.

“थांबवू नका. पीळ सुटतो.”

सासऱ्यांनी चाक पुन्हा फिरवलं. “दुकान बसेल, सूनबाई.”

“बसू दे.”

“बसू दे म्हणायला काय जातं? मग खायचं काय, दोर?”

“ती बिस्किटं बघितलीत ना?”

चाक नुसतं कुरकुरत राहिलं.

“तिथलं विसरलीस का तू?” ते म्हणाले. “तुझ्या हातचं पाणी ओतून देत होते लोक. माझ्या डोळ्यांदेखत. म्हणून आणली तुला इकडे. आता इथंही तेच करायचं? आपल्या हातानं?”

“काही विसरले नाही. तुम्ही मला आणलंत म्हणून जगले, तेही विसरले नाही. पण मामंजी, पोरीला मी विधवेची मुलगी म्हणून वाढवीन. वाट बघणारी म्हणून नाही वाढवणार.”

“मी सांगतो मग. चूक माझी आहे, मीच निस्तरतो. हळूहळू, एकेकाला गाठून.”

“हळूहळू सांगितलं की लोकही हळूहळू पाठ फिरवतात. कोणाला काही वाटतच नाही मग. सगळ्यांच्या तोंडावर सांगते. भवानीच्या वेळीच.”

सासऱ्यांनी खांद्याला डोळे पुसले. हात तर चाकावर होते. “खरं सांगू? कोणी विचारलं, मुलगा कसाय, की मी म्हणायचो, बरा आहे. तेवढ्यापुरता तो बराच असायचा गं.”

ती मागे सरकायची थांबली. दोर किंचित सैल पडला. मग तिनं तो पुन्हा ताणला, कारण पोटच्या पोरासाठी रडणाऱ्या म्हाताऱ्याला त्या क्षणी जवळ जाण्यापेक्षा हातात काम असणं बरं, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं वर गेलं. मग पूर्ण वर गेलं. लोखंडवाला हात पसरून उभाच होता. मागे चहावाल्याचा स्टोव्ह भरभरत होता, टेम्पोवाले जांभया देत घोळक्यानं उभे होते.

“वहिनी, गुंडा.”

तिनं गुंडा उचलला, पण दिला नाही. “आज आधी ऐका भाऊजी, मग घ्या.”

“भाव वाढवला की काय?”

“खारूताईचे पप्पा बाहेरगावी नाहीत. ते वारले. गेल्या उन्हाळ्यात, तापानं. मी विधवा आहे.” मग टाकीच्या भिंतीकडे बघून तिनं आवाज आणखी चढवला. “तुमच्या बोलीत सांगायचं तर, थांबणारी.”

लोखंडवाल्याचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो मागे घेतला आणि नकळत पँटला पुसला. अजून त्यात काही पडलंही नव्हतं.

“चेष्टा करताय.”

“असली चेष्टा कोण करेल?”

“म्हणजे इतके दिवस मी... दर बाजारी... पहिली भवानी...” त्याचा चेहरा लालबुंद झाला. “फसवलंत! अख्ख्या बाजाराला फसवलंत!”

“फसवलं. त्याची माफी मागते, सगळ्यांसमोर मागते. पण एक सांगा. इतके बाजार माझ्या हातची भवानी घेतलीत. काय वाईट झालं तुमचं? मागच्याच बाजारी म्हणत होता, गोडाऊन पुरत नाही म्हणून.”

“तेव्हा माहीत नव्हतं ना!”

“मग अपशकुन तुम्हाला विचारून लागतो की काय?”

घोळक्यात कोणीतरी फिस्सकन हसलं. त्यानं लोखंडवाला आणखी पेटला.

“सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही! नवरा गेला तरी बाईची जीभ बघा!”

“पीळ आहे म्हणून तर त्याला दोर म्हणायचं, भाऊजी. पीळ काढला की नुसता काथ्या. तो काय, गाद्यांत भरतात.” तिनं गुंडा समोर धरला. “मी कुठे जाणार नाही. शटर याच वेळेला उघडणार. पहिला गुंडा याच हातानं देणार. ज्याला हवा त्यानं घ्यावा.”

लोखंडवाला तरातरा निघून गेला. त्याच्या पाठोपाठ दोघं-तिघं गेले. टेम्पोवाल्यांना मात्र जाता येईना. गाड्या भरलेल्या, पोती मोकळी, वरची ताडपत्री फडफडतेय, आणि दोर तर हवाच. ते अर्धवर्तुळ करून उभे राहिले. भवानीचा नियम सगळ्यांना पाठ होता: दोष लागला तर पहिल्याला. दुसऱ्याला काही नाही.

“घे की तू.”

“मी का? तुझी गाडी आधी लागलीय.”

“तुला घाई आहे ना? मग घे.”

“घाई आहे, पण एवढी नाही.”

“ए अंडीवाल्या, तू घे रे. तू तर काही मानत नाहीस.”

“मी मानत नाही,” अंड्यांचा टेम्पोवाला म्हणाला, “पण माझी अंडी मानत असली तर? तुझा काय, सिमेंटचा माल!”

ऊन चढू लागलं. मागून हॉर्न वाजू लागले, कारण पुढचे हलत नव्हते. एकानं टोमॅटोच्या क्रेट फाटक्या शर्टानं बांधून बघितल्या. चहावाला दुकानातून इकडे बघायचा आणि पुन्हा भांडी घासायचा. तीच तीच भांडी. त्याच्या बाकावर खारूताई पाय हलवत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

शेवटी सासऱ्यांना राहवेना. ते गल्ला सोडून, धोतर सावरत बाहेर रस्त्यावर आले आणि गिऱ्हाइकांच्या बाजूला उभे राहिले. हात पुढे केला.

“आण इकडे. मी घेतो. झाली भवानी! चला रे, लागा रांगेला!”

घोळक्यानं सुटकेचा श्वास सोडला. दोघं पुढेही सरकले. सुनेनं गुंडा छातीशी धरला.

“नाही, मामंजी.”

“अगं, वेडी का तू? गाड्या अडल्यात.”

“तुम्ही घेतलात तर ती भवानी नाही, पळवाट आहे. मग उद्याही तुम्हीच घ्यायचा, परवाही तुम्हीच. आणि मी तुमच्या आड बसायचं. आड बसायचं असतं तर तोंड उघडलंच नसतं.”

टाकीपाशी उभी असलेली एक म्हातारी पिशवी सावरत पुढे आली. “मला दे गं बाई. माझं काय आणखी व्हायचं राहिलंय?”

“तुम्हीही नका घेऊ, मावशी.” हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “तुम्हाला दिला तर म्हणतील, थांबणारीनं थांबणारीला दिला, आपल्याला काय. यांच्यातलंच कोणीतरी घेईल. नाहीतर आज विक्री नाही.”

“अख्खा बाजार अडवून ठेवणार का मग?” मागून एकानं विचारलं.

“मी कुठे अडवलाय? दोर इथे आहे. हात तुम्ही बांधून घेतलेत.”

सासरे तिच्याकडे बघत राहिले. नवीन आलेल्या बाईकडे बघावं तसं. मग ते परत गल्ल्यामागे गेले, तिच्या शेजारी उभे राहिले आणि बाजाराकडे तोंड करून म्हणाले, “ऐकलंत ना? माझा मुलगा वारला.” तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता. “वारला. दुकान सुनेचं आहे. ती म्हणेल तसं.”

अंड्यांचा टेम्पोवाला स्वतःच्या हाताकडे बघत उभा होता. उलटा करून, सुलटा करून.

“काय रे, भविष्य बघतोस का?” बाजूच्यानं कोपर मारलं.

“नाही रे. सकाळचं आठवलं. आई माझ्याआधी उठली. चहा केला, डबा भरला, हातात दिला. म्हणाली, जपून जा.” तो थांबला. “बाबा जाऊन किती वर्षं झाली माझे. अरे, माझी आई थांबणारीच आहे की! माझी रोजची भवानी तिच्या हातची. आणि आजवर माझ्या गाडीत एक अंडं फुटलं नाही.”

“हॅत्! मागच्या बाजारी रस्त्यावर आम्लेट झालं होतं तुझं.”

“ते खड्ड्यामुळे.” तो घोळका सारून पुढे आला आणि दुकानाच्या दर्शनी फळीपाशी उभा राहिला. तिच्या डोळ्यांकडे बघायला त्याला जड जात होतं, तरी त्यानं बघितलं. “वहिनी, गुंडा नको, मला जाडा दोर द्या. आणि फळीवर ठेवू नका. हातात द्या.”

तिनं दोराची गुंडाळी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या हातात दिली. तो गाडीकडे गेला. मागे वळून ओरडला, “बघत काय बसलात? दुसरे, तिसरे, सगळे निर्दोष आहात आता! या!”

ते आले. हसत, शरमत, एकमेकांना ढकलत. सगळे आले नाहीत. काहींनी जुन्या दोरांचे तुकडे गाठी मारून जोडले आणि वाट धरली. एक तर जाताना थुंकला. तिनं ते पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “किती हात देऊ?”

बसच्या वेळी गर्दी ओसरली होती. चहावाला बिस्किट घेऊन बाकापाशी वाकला. त्यालाच खारूताईनं सांगितलं, “पप्पा वारले. आता सगळ्या बाजाराला माहितीये.” एवढं बोलून तिचा चेहरा वाकडा झाला. ती बाकावरून उतरली, रस्ता ओलांडून आली, फळीखालून आत शिरली आणि आईच्या पोटात डोकं घालून रडली. वर्षभराचं रडली. आई तिथेच, गल्ल्यावर, तिला कुशीत घेऊन बसली. सासरे गिऱ्हाईक बघत होते आणि बाजार त्यांच्या समोरून ये-जा करत होता. ते रडणं तिनं कोणापासून लपवलं नाही.

बाजार उठायच्या वेळी लोखंडवाला आला. फळीपासून जरा लांबच उभा राहिला. त्याच्याकडे तारांची भेंडोळी बांधायची पडली होती.

“सुतळी द्या एक गुंडा,” तो इकडेतिकडे बघत म्हणाला. “भवानी काय, झालीच आहे आता. आता घ्यायला हरकत नाही.”

“माझी आहे,” दोरीवाली म्हणाली.

“काय?”

“हरकत. आता नाही मिळणार तुम्हाला. पुढच्या बाजारी या, शटर वर जाताना. गुंडा तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवते. पहिला.”

लोखंडवाल्यानं सासऱ्यांकडे आशेनं पाहिलं. सासरे म्हणाले, “दुकान तिचं आहे बाबा.”

समोरच्या लोखंडाच्या दुकानाकडून कोणीतरी मोठ्यानं हसलं. लोखंडवाल्याची आई पायरीवर, अगदी रस्त्याच्या कडेला येऊन बसली होती. मुलानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तरी ती उठली नाही.

“येईल तो,” ती पलीकडून दोरीवालीला म्हणाली. “काळजी नको करूस. मीच उठवते, मीच चहा देते त्याला, आणि मीच पाठवते.”